ताईच्या म्हैसुरात पाच दिवस

मी म्हैसूरला सहा दिवसांसाठी गेलो आणि पाचव्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत बसलो. राजवाडा पाहिला नाही. वृंदावनातली कारंजी पाहिली नाहीत. रंगनतिट्टूचे पक्षी बघायचं ठरलं होतं, तेही राहिलं. तरी कराडात भेटेल तो विचारतो, "मास्तर, कसं आहे म्हैसूर?" मी सांगतो, छान आहे, थंडी मऊ आहे, रस्त्यांवर सावली आहे, भाज्या ताज्या मिळतात. यातलं काहीच खोटं नाही. पण एवढंच सांगून घरी आलो की वाटतं, आपण पुन्हा तेच केलं. निम्मं सांगून उरलेलं गिळलं. म्हणून हे सगळं लिहून काढतो आहे.

माझी थोरली बहीण उषा लग्न होऊन म्हैसूरला गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. आमचं घर शिंप्याचं, कराडात आमच्या वडिलांचं, अण्णांचं दुकान. भावोजींचं घरही शिंप्याचं. त्यांच्या घराण्याला म्हैसुरात चार-पाच पिढ्या झालेल्या. देवराज मोहल्ल्यात दुकान, मागे घर, देवघरात विठ्ठल. घरात मराठी बोलत, पण निम्मे शब्द कन्नड. लग्नानंतर सहा वर्षांत भावोजी तापाने गेले. पदरात चार वर्षांची विद्या. त्या गोष्टीला एकोणतीस वर्षं झाली, आणि या एकोणतीस वर्षांत मी एकदाही ताईकडे गेलो नव्हतो.

डिसेंबरात विद्याचा फोन आला. "मामा, आई म्हणते, संक्रांतीला या. ती म्हणते, आता पुरे झालं." काय पुरे झालं ते मी विचारलं नाही. निवृत्त झालो होतो, सबब उरली नव्हती. शिवाय ताईला एक गोष्ट सांगायची होती. गाडीत सगळी रात्र तिची वाक्यं जुळवत होतो.

पहिला दिवस : जयलक्ष्मीपुरम

स्टेशनवर विद्या आली होती. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, लग्न केलेलं नाही. मला पाहून म्हणाली, "मामा अल्लवा? मामाच ना? फोटोत वेगळे होता. म्हातारे झालात."

तिचं मराठी तिच्या आईकडून आलेलं, घरापुरतं. भाजी, पाणी, दुखणं, झोप यांना पुरेल एवढं. एखादी गोष्ट जरा हळुवार करून सांगायला जे शब्द लागतात ते तिच्याकडे नाहीत. त्यामुळे ती बोलते ते नेमकं तेच असतं. पहिल्या दिवशी मला याची गंमत वाटली.

जयलक्ष्मीपुरमातलं त्या मायलेकींचं आताचं घर लहान, पण पुढे-मागे जागा आहे आणि त्या जागेत वीतभरही मोकळी ठेवलेली नाही. कढीपत्ता, दोन पपया, भिंतीवर चढवलेला दोडका. ताई दारात उभी होती. केस सगळे पांढरे, अंगाने वाळलेली, हात मात्र शेतकऱ्याचे. मी वाकायला गेलो तर तिने खांद्याला धरून उभं केलं.

"बा, वसंता. कूतको," ती म्हणाली, आणि मग आठवल्यासारखं, "ये. बस."

जेवायला नाचणीचा मुद्दे होता, आणि अवरेकाईचं सारु. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच, पण इथे जानेवारीत त्याचं वेड असतं. ओले दाणे भिजवून, चिमटीत दाबून, साल काढून आतली हिरवी डाळ तेवढी घेतात. मुद्दे म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा. मी घास चावायला लागलो तशी विद्या हसली. तो चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा. माझ्या घशाला ते जमेना. ताईने न बोलता माझ्या ताटातला निम्मा गोळा काढून घेतला आणि भात वाढला. लहानपणी मला बाजरीची भाकरी जायची नाही तेव्हा ती असंच करायची.

संध्याकाळी तिने मला कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर नेलं. घरापासून चालत वीस मिनिटं. तळ्याच्या कडेने झाडीतून वाट आहे. अख्खं गाव तिथे फिरायला येतं, प्राध्यापक, म्हातारे, पळणारी पोरं, पण आवाज नाही. ताई पासष्ट वर्षांची, पण मला तिच्या मागे राहायला लागत होतं. पाण्यातल्या बेटावरच्या झाडांत मोठे पांढुरके पक्षी बसले होते, चोचीखाली पिशवी लोंबणारे. "हेज्जार्ले," ती म्हणाली. मराठीत काय म्हणतात ते मला सांगता आलं नाही. मी मराठीचा मास्तर. लाल डोक्याचा, पंखांवर गुलाबी झाक असलेला एक बगळ्यासारखा पक्षी उथळ पाण्यात उभा होता. त्याचंही नाव तिने कन्नडमध्येच सांगितलं.

"तुला एवढं कसं माहीत?"

"विद्या लहान होती तेव्हा रोज संध्याकाळी इथं आणायची मी तिला. घरात सगळी रडायची, नाहीतर कुजबुजायची. इथं कोण बोलायचं नाही. मग काय करायचं? पक्षी बघायचं."

आम्ही बाकावर बसलो. ऊन पाण्यावरून तिरपं येत होतं. सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नाही असं मला वाटलं. मी पहिलं वाक्य मनात उभं केलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आलास. बरं केलंस," आणि माझ्या हातावर हात ठेवला. मी पक्ष्यांबद्दल आणखी काहीतरी विचारलं.

दुसरा दिवस : येलवाल

सकाळी तिघं बसने येलवालला गेलो. हुणसूर रस्त्यावर, शहर संपतासंपता. ताईच्या सासऱ्यांची तिथे पाऊण एकर जमीन होती, पडीक. भावोजी गेल्यावर दिरांनी दुकानात काजं-बटणं करायला बसायला सांगितलं. तिने जमीन करायला मागितली. शिंप्याच्या घरातल्या बाईला काय येणार म्हणून सगळे हसले, आणि हसत हो म्हणाले.

आज त्या जमिनीला ती तोट म्हणते, म्हणजे मळा. मी आयुष्यात इतकं गच्च भरलेलं पाऊण एकर पाहिलेलं नाही. कडेने हादग्याची झाडं आणि त्यांच्यावर चढवलेले नागवेलीचे वेल. पानं कोवळी, पोपटी, जिभेवर ठेवली तर तिखट न लागता विरघळणारी. मध्ये वांग्याचे वाफे, हिरव्या गोल वांग्यांचे. एका कोपऱ्यात रसबाळे जातीच्या केळी.

"ही खरी नंजनगूडची," ताई म्हणाली. "तिथल्या काळ्या मातीत येते तशी इथं येत नाही. चव थोडी कमीच. पण येते."

एक केळं तिने मला सोलून दिलं. साल कागदासारखी पातळ, आतला गर लोण्यासारखा, आणि किंचित आंबूस वास. याहून चांगली चव कशी असेल याची मला कल्पना करता येईना.

मग पावट्याच्या शेंगा तोडायला लागलो. सकाळच्या दवात या शेंगांवर एक चिकट तेल येतं आणि त्याचा वास हाताला लागतो, साबणाने धुतला तरी जात नाही. बायका बाजारात शेंग विकत घेताना आधी हुंगतात म्हणे. मी आपला उत्साहाने वाफ्यातून पुढे गेलो, पाटाच्या कडेवर पाय ठेवला आणि कमरेपर्यंत चिखलात बसलो. खाली दोन वेल मोडले. ताई आधी वेलांकडे आली, मग माझ्याकडे. हसत होती. मीही हसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मी सुखात होतो. अंगावर चिखल, हाताला शेंगांचा वास, समोर बहीण हसते आहे. वाटलं, कशाला काही सांगायचं?

शेजारचं शेत केंपम्माचं. सत्तरी ओलांडलेली, काळी, ठेंगणी, तोंडात सतत पान. ताईला कुदळ कशी धरायची इथपासून तिने शिकवलं. भावोजी गेल्यानंतरची पहिली दोन वर्षं विद्या दिवसभर तिच्याच अंगणात असायची. दुपारी ती नाचणीच्या भाकऱ्या आणि वांग्याची भाजी घेऊन आली. हादग्याखाली पंगत बसली. तिने मला दोन भाकऱ्या वाढल्या, समोर बसली आणि बराच वेळ माझ्याकडे नुसतं पाहत राहिली. मग ताईला विचारलं, "ई वय्यना आ कागद बर्दिद्दु?"

त्यातला 'कागद' हा एकच शब्द मला कळला.

"सुम्निरे, केंपम्मा," ताई म्हणाली. गप्प बस.

मी विद्याकडे पाहिलं. मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. विद्या म्हणाली, "ती विचारते, ते पत्र लिहिलं तो माणूस हाच का?"

भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला. ताई घाईने केंपम्माशी बोलायला लागली. बरंच बोलली, हातवारे करून, आणि शेवटी मला म्हणाली, "तिला मी सांगितलं. तू नुसतं लिहिलंस. अण्णांचा हात चालत नव्हता, त्यांनी सांगितलं आणि तू लिहिलंस. सांगणारे अण्णा. तुझं काय चुकलं? मला पण हे समजायला इतकी वर्षं गेली. तुझ्यावर उगाच राग धरला मी."

तिने माझी बाजू घेतली, आणि मी ती घेऊ दिली.

आता ते पत्र. भावोजींच्या तेराव्यानंतर महिन्याभराने ताईचं पत्र कराडला आलं. अण्णांच्या नावे. तिने लिहिलं होतं, मला आणि पोरीला घरी यायचं आहे. दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकीन, कुणावर भार होणार नाही. अण्णा तेव्हा अर्धांगाने अंथरुणावर. उजवा हात गेलेला, जीभ जड झालेली, डोक्याने शाबूत. आई आधीच गेली होती. घरात दोन खोल्या, माझं नवं लग्न, नोकरी नुकती कायम झालेली. मी पत्र बाहेरच वाचलं, शाळेच्या वाटेवर उभं राहून. अण्णांना ते दाखवलं नाही. वाचून दाखवलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं ते मला पक्कं माहीत होतं. त्यांनी मला त्याच दिवशीच्या गाडीने तिला आणायला पाठवलं असतं.

म्हणून मीच उत्तर लिहिलं. खाली 'तुझे अण्णा' लिहिलं. मुलीने दिल्या घरी राहावं, इथे जागेची अडचण आहे, विद्याला आशीर्वाद. बायकोलाही विचारलं नाही. तिने कदाचित ये म्हटलं असतं. ती तशी आहे.

तिसरा दिवस : संक्रांत

संक्रांतीला इथे तिळगुळाचे लाडू करत नाहीत. तीळ, गुळाचे बारीक खडे, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, डाळं असं कोरडंच एकत्र करतात. त्याला येळ्ळु-बेल्ल म्हणतात. त्याबरोबर साखरेचे साच्यात पाडलेले हत्ती आणि मोर, उसाचं कांडं, केळं. नवी लुगडी नेसलेल्या बायका आणि पोरी ताटं घेऊन घरोघर जातात. आपल्याकडे हळदीकुंकवाला बायका बोलावतात आणि वाण देतात, इथे देणारीच दारी येते. तोंडाने मात्र तेच सांगायचं, गोड बोल म्हणून.

ताईने माझ्या तळहातावर येळ्ळु-बेल्ल ठेवलं आणि तेच आधी कन्नडमध्ये म्हणाली, मग मराठीत म्हणाली. सणाच्या दिवशी कसं सांगायचं? सणाने मला आणखी एक दिवस दिला.

दिवस मावळायच्या सुमारास येलवालला पुन्हा गेलो. तिथे त्या दिवशी बैलांना आगीवरून पळवतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा, पाठीवर हळदीचे पंजे. रस्त्यात आडवं गवत पसरून पेटवलं, लोक ओरडले, आणि बैल त्या ज्वाळांवरून उड्या टाकत गेले. गोचीड आणि किडा जळतो असं सांगतात. केंपम्माची पांढरी गाय आगीपाशी येऊन थबकली. मागून ढकलली तरी हलेना. डोळे मोठे करून उभी. शेवटी केंपम्मानेच तिला बाजूने वळवून घरी नेलं. "दरवर्षी असंच करते," ताई म्हणाली. "केंपम्मा तिला मारत नाही."

आम्ही धुरात उभे होतो. विद्या मला एकाएकी म्हणाली, "मामा, अज्जा कसे होते?" अज्जा म्हणजे आजोबा.

"का ग?"

"आई सांगत नाही. मी लहानपणी विचारलं तर म्हणाली, ज्यांनी आपल्याला नको म्हटलं ते. मग मी परत विचारलं नाही."

मी तिला सांगितलं, ते मापं घ्यायचे नाहीत, माणूस दारातून येतानाच त्याचं माप त्यांना कळायचं. ती हे ऐकून खूश झाली. आईला जाऊन सांगायला निघाली, आणि मग थांबली.

चौथा दिवस : चामुंडी बेट्ट

पहाटे उठून चामुंडीच्या टेकडीवर पायी गेलो, ताई आणि मी दोघंच. विद्याचं कॉलेज होतं. हजार पायऱ्या आहेत असं म्हणतात, मी मोजल्या नाहीत. पायऱ्या जुन्या, दगडी, उंचीला सारख्या नाहीत. दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं आणि शिळा. बऱ्याच बायका नवस बोलून प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत चढतात, वाकतात, एक पायरी चढतात, पुन्हा वाकतात. त्यामुळे सगळी वाट पिवळी-तांबडी झालेली. माकडांनी माझ्या हातातली केळ्यांची पिशवी पहिल्या शंभर पायऱ्यांतच नेली. धापा टाकत होतो. ताई पुढे जाऊन थांबे, मी पोचलो की चालायला लागे.

अर्ध्याहून बरंच वर एका काळ्या दगडातून कोरलेला नंदी आहे. दोन पुरुष उंच, गळ्यात दगडाच्या घंटा. तिथून खाली सगळं म्हैसूर दिसतं, धुक्यात बुडालेलं, मधूनमधून झाडं आणि तळी. आम्ही कठड्यावर बसलो.

ताई म्हणाली, "तू तार केली होतीस. अण्णा अत्यवस्थ, लगेच ये."

"हो."

"मी तेराव्याला आले. तुला वाटलं असेल, तार उशिरा मिळाली."

"तसंच वाटलं."

"तार त्याच दिवशी मिळाली. सकाळी. संध्याकाळची गाडी होती. दिरांनी तिकीट आणून दिलं होतं. मी विद्याला केंपम्माकडं ठेवलं, तिला म्हटलं गावाला जाते, आणि इथं आले. पायऱ्या चढले. इथं बसले. ह्याच अंगाला. गाडीची वेळ टळेपर्यंत बसले. मग उतरले."

तिने तळहाताने कठड्याचा दगड चाचपला.

"मला मुद्दाम जायचं नव्हतं, वसंता. त्यांनी मला नको म्हटलं ना? मग बघू दे वाट. असं वाटलं. आता वाटतं, म्हातारं माणूस, आजारी. त्यांना काय कळत होतं? मी जायला पाहिजे होतं. पण राग गेला नाही. अजून पण पूर्ण गेला नाही. एवढंच मला कुणाला तरी सांगायचं होतं. म्हणून तुला बोलावलं."

गाडीत जुळवलेली वाक्यं मला एकही आठवली नाहीत.

"ताई," मी म्हणालो, "अण्णांनी ते पत्र सांगितलं नव्हतं."

ती माझ्याकडे वळली.

"तुझं पत्र मी त्यांना दाखवलंच नाही. उत्तर माझं. सगळं माझं."

समोरून दोन बायका कुंकवाचं ताट घेऊन गेल्या. त्यांतल्या एकीने नंदीच्या चौथऱ्याला बोट लावलं. ताई त्यांच्याकडे पाहत राहिली, त्या दिसेनाशा होईपर्यंत.

"वाचून दाखवलं नाहीस?"

"नाही."

"एकदा पण?"

"नाही."

"ते विचारत होते माझं?"

"रोज."

"काय विचारत होते?"

"उषाचं काही आलं का."

"आणि तू काय सांगायचास?"

"मजेत आहे, म्हणायचो."

तिने मान हलवली, जणू हिशेब जुळला. आवाज चढला नाही. "तार मिळाली तेव्हा ते शुद्धीवर होते?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "होते," मी म्हणालो. "दाराकडे तोंड करून निजवा म्हणाले. दोन दिवस तसेच होते."

ताई उठली. कठड्याला हात लावून क्षणभर उभी राहिली. मी तिला धरायला गेलो तर तिने हात मागे घेतला. "मी उतरते," ती म्हणाली. "तू वर जा. देवी बघ, गाव बघ. तेच बघायला आलास ना?"

"ताई, मी तुझ्याबरोबर..."

"साकु," ती म्हणाली. पुरे.

ती उतरायला लागली. चढताना माझ्या पुढे होती, उतरताना एकेक पायरी जपून, पाय जुळवून. मी वरही गेलो नाही आणि तिच्या मागेही गेलो नाही. ऊन तापेपर्यंत तिथेच बसून राहिलो. ती जिथे बसली होती तिथेच.

घरी पोचलो तेव्हा तिचा स्वयंपाक झाला होता. वांग्याची भाजी, सारु, भात. एवढं झाल्यावरही तिने रांधलं होतं. मला वाढलं. स्वतः बसली नाही. विद्या कॉलेजातून आली तेव्हा ताई माझ्यासमोर रात्रीची भाजी घेऊन बसली होती. ताईने तिला कन्नडमध्ये सगळं सांगितलं, सलग, भाजी चिरता चिरता. विद्याने ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तुम्हाला आम्ही नको होतो, की जागा नव्हती?"

दोन्हींत फरक आहे असं त्या दिवसापर्यंत मी धरून चाललो होतो. "जागा होती," मी म्हणालो. "करता आली असती."

"म्हणजे नको होतो," ती म्हणाली. तिला मला दुखवायचं नव्हतं. तिने फक्त नीट समजून घेतलं.

मग ताईने अण्णांबद्दल विचारायला सुरुवात केली. बोबडं बोलायचे का? जेवण कोण भरवायचं? खाट कुठल्या खोलीत होती? मला काय नावाने हाक मारायचे शेवटी? मी सांगत गेलो. 'उशे' म्हणायचे, सांगितलं. लहानपणी म्हणायचे तसं. ती तोंडावर पदर धरून उभी राहिली, आवाज न करता. थोड्या वेळाने पदर काढला आणि म्हणाली, "विद्या, मामाचं तिकीट उद्याचं कर."

पाचवा दिवस

सकाळी उठलो तर ताई घरात नव्हती. पहिल्या बसने येलवालला गेली होती. "आज पाणी सोडायचा दिवस नाही," विद्या म्हणाली. "तरी गेली."

विद्याने तिंडीला, म्हणजे न्याहारीला, इडल्या केल्या, मला स्टेशनवर सोडलं, खिडकीशी बसवलं. तिने नमस्कार केला. मी तिला आशीर्वाद द्यायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. गाडी सुटल्यावर बराच वेळ उसाची आणि नाचणीची रानं दिसत होती. मधेच एका तळ्यावर ते पिशवीवाले पक्षी दिसले. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, हे कुठले? मी म्हणालो, माहीत नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता माझी बॅग रिकामी करत होती. मग म्हणाली, "मला तरी विचारायचं होतंत." त्यानंतर ती या विषयावर बोललेली नाही. तिने ताईला फोन केला होता, तो ताईने घेतला. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही.

मला विद्याचे फोन येतात, पंधरा दिवसांतून एखादा. ताई येत नाही फोनवर. मी विचारलं, आई कशी आहे? विद्या म्हणाली, "बरी आहे. रोज अज्जाविषयी बोलते. आता खूप बोलते. तुमच्याविषयी नाही."

परवा पुन्हा फोन आला. "मामा, आई विचारते, अज्जा ते कुठल्या वेळी विचारायचे? उषाचं काही आलं का, ते."

मी सांगितलं, दुपारी. पोस्टमन गल्लीतून पुढे गेला की. खाटेवरून त्यांना त्याच्या सायकलची घंटा ऐकू यायची. ती लांब गेली की मग विचारायचे.

पलीकडे विद्याने रिसीव्हर बाजूला धरला असावा. ती माझं वाक्य कुणाला तरी कन्नडमध्ये सांगत होती, हळू, एकेक तुकडा. मग फोन बंद झाला.